मेजावरचे सोनपेठ : बोटभर सैनिक आणि १५९७ ची लढाई

#थ्रेड

१/ परभणी जिल्ह्यातील सोनपेठ हे आज शांत तालुक्याचे गाव आहे. १५९७ च्या आरंभी मात्र याच गोदाकाठच्या परिसरात मोगल आणि दख्खनी फौजा समोरासमोर आल्या. दोन दिवस आणि मधली एक रात्र ही लढाई चालली. पहिल्या दिवशी सूर्य मावळला तेव्हा दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असे वाटत होते. पाठ्यपुस्तकांत तिच्या वाट्याला फार तर एक ओळ येते. ही लढाई लघुसैनिकांच्या साहाय्याने मेजावर मांडायची झाली तर काय काय ठाऊक असावे लागेल, हा या थ्रेडचा विषय.

२/ मेजावर लढाया मांडण्याच्या छंदाला जगभर ‘वॉरगेमिंग’ म्हणतात. साधारण २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक, त्यांचे घोडे, तोफा, हत्ती. खाली नदी, टेकडी, शेत. हालचालींसाठी मोजपट्टी आणि नशिबासाठी फासे. दरवर्षी नवनव्या कालखंडांचे सैनिक बाजारात येतात. हे खेळणे आहेच, पण त्याहून अधिकही आहे. प्रत्येक लघुसैनिक हे इतिहासाविषयी केलेले एक विधान असते. कोणी काय नेसले होते, हातात काय होते, घोडा कोणाकडे होता, हे त्याला सांगावेच लागते.

३/ युद्धाचा खेळ भारताला परका नाही. चतुरंग म्हणजे सेनेची चार अंगे : हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. त्यातूनच पुढे बुद्धिबळ घडले. आपल्या पटावर उंट आहे, वजीर आहे. युरोपीय पटावर त्याच जागी धर्मगुरू आणि राणी आली. सोंगट्या बदलल्या, कारण प्रत्येक समाजाने आपल्याला ठाऊक असलेली सेना पटावर उभी केली. मात्र बुद्धिबळात दोन्ही बाजू सारख्या असतात, सारे काही दिसत असते आणि जमीन सपाट असते. खऱ्या रणात यांपैकी एकही गोष्ट नसते.

४/ ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न प्रशियात झाला. १८१२ मध्ये राइसविट्झ नावाच्या एका सरदाराने राजा फ्रेडरिक विल्हेल्म तिसरा याच्यासाठी युद्धखेळाचे एक मेजच तयार केले. १८२४ मध्ये त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, नवे नियम प्रसिद्ध केले. चौकटींचा पट गेला आणि १:८००० प्रमाणाचा खरा नकाशा आला. निकालासाठी फासे आले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पंच आला : दोन्ही खेळाडूंना वेगवेगळे ठेवून ज्याला जेवढे दिसेल तेवढेच सांगणारा तिसरा माणूस. हा पंच लक्षात ठेवावा. सोनपेठच्या रात्री त्याची गरज पडणार आहे.

५/ सैनिकांच्या प्रतिकृतींची वाट वेगळी होती. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी कथलाचे चपटे सैनिक ओतून विकायला सुरुवात केली. १८४८ मध्ये हाइनरिखसेन या कारखानदाराने त्यांची उंची सुमारे २८ ते ३० मिलिमीटर अशी ठरवली. १८९३ मध्ये इंग्लंडच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने शिशाचे पोकळ सैनिक काढले. ते हलके आणि स्वस्त होते. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात दिवाणखान्यात खेळायच्या लढाईचे नियम लिहिले. खरे युद्ध किती मूर्खपणाचे असते हे या खेळाने उमगावे, अशी त्यांची अपेक्षा होती. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

६/ हा छंद इंग्लंड-अमेरिकेत वाढला. साहजिकच वॉटर्लू, गेटिसबर्ग, नॉर्मंडी येथील सैनिक प्रथम घडले. आजही इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या परिसराला या धंद्यामुळे ‘लेड बेल्ट’, म्हणजे शिशाचा पट्टा, असे गमतीने म्हणतात. भारतातील युद्धे तेथे आली ती बहुधा ब्रिटिश सैन्याचे बोट धरून. २३ सप्टेंबर १८०३ ची आसईची लढाई, जी आजच्या जालना जिल्ह्यात झाली, छंदिष्टांना चांगली ठाऊक आहे. कारण तेथे पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलस्ली होता आणि ७४ व्या व ७८ व्या पलटणीचे स्कॉटिश सैनिक होते. त्यांच्या गणवेशाची नोंद कागदोपत्री सापडते.

७/ आसईहून सोनपेठ काही फार दूर नाही. एकाच मराठवाड्यातील या दोन जागा. पण १५९७ च्या दख्खनी फौजेला गणवेश नव्हता. पलटणींचे क्रमांक नव्हते, बटणांचा रंग ठरवणारे हुकूमनामे नव्हते. म्हणून तिचा एक सैनिक घडवणे हे आसईच्या दहा सैनिकांपेक्षा कठीण काम आहे. त्यासाठी आधी त्या युद्धात कोण कोणाशी का लढत होते हे समजून घ्यावे लागते.

८/ १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा शाहजादा मुराद याने अहमदनगरला वेढा घातला. चांदबिबीने किल्ला झुंजवला. १५९६ मध्ये तह झाला : बालराजा बहादूर निजामशाह याला मान्यता मिळाली आणि त्याच्या बदल्यात वऱ्हाड मोगलांकडे गेले. पण वऱ्हाड म्हणजे नेमके कुठपर्यंत? मोगल अंमलदारांनी पाथरीचा प्रदेशही ताब्यात घेतला. पाथरी तहात येत नाही, असे दख्खनींचे म्हणणे होते. आजच्या परभणी जिल्ह्यातील एका परगण्यावरून तह मोडण्याची वेळ आली.

९/ पाथरी ही निजामशाहीला केवळ महसुलाची जागा नव्हती. फरिश्ता सांगतो की या घराण्याचा मूळपुरुष मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्णी घराण्यातला होता. लहानपणी पकडला गेला, मुसलमान झाला आणि बहमनी दरबारात थोर पदाला चढला. पुढे निजामशाहीने वऱ्हाडच्या इमादशाहीशी पाथरीसाठी अनेकदा लढाया केल्या, त्यामागे हा पूर्वजांच्या गावाचा अभिमानही होता. मेजावर ज्या फौजा उभ्या करायच्या त्यांचे धर्म आणि कुळे अशी गुंतलेली आहेत.

१०/ तह मोडला आणि दख्खनच्या तिन्ही शाह्या एकत्र आल्या. विजापूरच्या इब्राहिम आदिलशाह दुसऱ्याने सुहेलखान या ख्वाजासरा सेनापतीला मोठ्या फौजेनिशी पाठवले. गोवळकोंड्याची कुतुबशाही फौज आली. अहमदनगरची निजामशाही फौज त्यांना मिळाली. समोर मोगलांकडून मिर्झा शाहरुख, खानदेशचा फारुकी सुलतान राजा अलीखान आणि प्रत्यक्ष सूत्रे हलवणारा सेनापती अब्दुर्रहीम खानखानान होता.

११/ हा खानखानान म्हणजे शाळेत हिंदीच्या पुस्तकात भेटणारे ‘रहीम’च. विनम्रतेचे दोहे लिहिणारा कवी आणि सोनपेठच्या रणातला सेनापती हा एकच माणूस. त्याचा लघुसैनिक घडवताना हातात लेखणी द्यावी की तलवार, हा प्रश्न केवळ गमतीचा नाही. पाठ्यपुस्तकाने त्याच्या हाती एकच वस्तू दिली आणि दुसरी आपण विसरलो.

१२/ लढाईची जागा कोणती? साधनांत दोन नावे येतात. अबुल फजलच्या अकबरनाम्यात पाथरीपासून बारा कोसांवरील आष्टीचे नाव येते. विजापूरच्या दरबारात राहून इतिहास लिहिणाऱ्या फरिश्त्याकडे सोनपेठचे. दोघेही त्या घटनेचे समकालीन, पण विरुद्ध दरबारांतले. दोन्ही वर्णने गोदावरीच्या खोऱ्यातच राहतात. मेज मांडणाऱ्याला येथेच पहिला निर्णय घ्यावा लागतो : नदी मेजाच्या कोणत्या कडेला ठेवायची?

१३/ आता आकडे पाहू. मोगल बाजूच्या लेखनात शत्रू साठ हजारांच्या घरात आणि आपले पंधरा हजारांच्या आसपास असे प्रमाण सांगितले जाते. विजयी बाजू शत्रूचा आकडा फुगवते, ही शंका योग्यच. तरी तूर्त तो मानून चालू. एक लघुसैनिक म्हणजे पन्नास माणसे धरली, तर दख्खनींचे १२०० आणि मोगलांचे ३०० मिळून १५०० सैनिक लागतील. प्रत्येकाला रंगवायला एक तास लागला आणि रोज चार तास काम केले, तरी ३७५ दिवस. वर्षाहून अधिक काळ.

१४/ ते मेजावर मावतील का? एका घोडेस्वाराची बैठक साधारण अडीच सेंटिमीटर रुंद असते. १२०० स्वार दोन रांगांत उभे केले तर रांग पंधरा मीटर लांब होते. नेहमीचे मेज सहा फूट, म्हणजे १.८ मीटर. खऱ्या मैदानातही हाच प्रश्न होता. एका घोड्याला एक मीटर रुंदी दिली आणि दहा-दहांच्या रांगा केल्या, तरी साठ हजार स्वारांची फळी सहा किलोमीटर पसरते. आकडा खरा असो वा फुगवलेला, एवढ्या फळीत एका टोकाला काय चालले आहे हे दुसऱ्या टोकाला कळणे अशक्य होते. लढाईचा पुढचा गोंधळ येथूनच सुरू होतो.

१५/ आणखी एक हिशेब पाण्याचा. घोड्याला दिवसाला सुमारे तीस लिटर पाणी लागते. साठ हजार घोडी म्हणजे अठरा लाख लिटर. माणसे, हत्ती, बैल वेगळेच. पौष-माघात मराठवाड्यातील ओढे आटत आलेले असतात. म्हणजे एवढी फौज गोदावरीपासून दूर राहूच शकत नव्हती. साधनांत गोदावरी का येते, याचे उत्तर घोड्याच्या तहानेत आहे. लघुसैनिक मांडताना केलेला साधा गुणाकार असा कधी कधी बखरीची ओळ उलगडून दाखवतो.

१६/ मेजावरची जमीनही मोसमाला धरून हवी. जानेवारी-फेब्रुवारीत गोदाकाठी रब्बीची ज्वारी उभी असते; हुरड्याचे दिवस. काळी माती वरून कडक आणि भेगाळलेली. उंच ज्वारीत पायी माणूस दिसेनासा होतो, स्वार मात्र दिसतो. इंग्लंडमध्ये तयार मिळणारे हिरवे गवताळ मेज येथे उपयोगाचे नाही. काळपट तपकिरी रंग, धांड्यांची पिवळसर शेते, तुरळक बाभळी आणि लिंब असे मेज परभणीच्या मुलामुलींना दाराबाहेर पाहून करता येईल.

१७/ आता सैनिक. दख्खनी फौजेत कोण होते? स्थानिक दख्खनी मुसलमान, अफगाण, आफ्रिकेतून आलेले हबशी, इराण-मध्य आशियातून आलेले ‘आफाकी’, आणि मराठे. पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने १५३५ नंतर मराठा बारगीर मोठ्या संख्येने ठेवले. महसुलाचे दप्तरही देशी भाषेकडे वळवले. निजामशाहीत याच दशकांत भोसले आणि जाधव घराणी पुढे येत होती. मोगल बाजूला तुराणी, इराणी, राजपूत आणि खानदेशचे लोक होते. दोन्ही बाजूंनी हिंदू लढले, दोन्ही बाजूंनी मुसलमान लढले.

१८/ महाराष्ट्रातील मुलांच्या मनात मातीच्या सैनिकाची एक प्रतिमा आधीच पक्की आहे : दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा. कुंभारवाड्यात रंगलेला, हातात भाला, डोक्याला पगडी किंवा मुंडासे. विटा-गोणपाटाचा डोंगर, त्यावर पेरलेले हळीव, बुरुजावर मावळे. हीदेखील लघुसैनिकांची थोर परंपराच आहे आणि तिने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना किल्ल्याची वाट, माची आणि बुरुज शिकवले. पण हाच मावळा सोनपेठच्या मेजावर उचलून ठेवला, तर १५९७ चा इतिहास पुढच्या शतकाच्या कपड्यांत उभा राहील. शिवरायांच्या जन्माला अजून तीस वर्षांहून अधिक अवकाश होता.

१९/ मग १५९७ चा दख्खनी सैनिक कुठे पाहायचा? पुण्यात. भारत इतिहास संशोधक मंडळाकडे ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे अहमदनगरच्या दरबारातील सचित्र हस्तलिखित आहे. हुसेन निजामशाहाची स्तुती करणाऱ्या या काव्यात १५६५ च्या तालिकोटच्या युद्धाची चित्रे आहेत : हत्ती, घोडेस्वार, शस्त्रे. लढाईच्या तीसेक वर्षे आधीचे, त्याच राज्याचे चित्र. विजापूरकडचा समकालीन पुरावा म्हणजे १५७०-७१ चे ‘नुजूम-उल-उलूम’, जे आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. त्यात शस्त्रांचीही चित्रे आहेत.

२०/ या चित्रांना शस्त्रागारांची जोड द्यावी लागते. कोपरापर्यंत लोखंडी मोजा असलेला पट्टा, रुंद पात्याची कट्यार, युरोपीय पाते बसवलेली फिरंग, साखळीचे चिलखत, तोड्याची बंदूक, बांबूला बांधलेले बाण. मात्र चित्रकार दरबाराचा चाकर होता. त्याने सुलतानाचा घोडा बारकाईने रंगवला, बाजारबुणग्यांकडे फारसे पाहिले नाही. चित्रातला सरदार पाहून साधा शिपाई घडवला, तर साठ हजार माणसे जरीच्या जाम्यात उभी राहतील. बहुतेकांच्या अंगावर साधे सुती वस्त्र असणार.

२१/ तोफांविषयी दख्खन मागासलेले नव्हते. विजापूरला आज दिसणारी ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला एका रूमी, म्हणजे तुर्की, उस्तादाने ओतली होती. सोनपेठला दख्खनी तोफखान्याने मोगल फौजेचे मोठे नुकसान केले. पण तोफ स्वतः चालत नाही. तिला ओढायला बैलांच्या जोड्या लागतात, दाणागोटा आणायला लमाणांचे तांडे लागतात. पोळ्याला परभणीच्या घराघरांत मातीचे बैल पुजले जातात. त्यांतले दोन-चार या मेजावर हक्काने उभे राहू शकतात. बैल नसलेले दख्खनी युद्धमेज अपुरे होय.

२२/ आता प्रत्यक्ष लढाई. दिवसभर झुंज चालली. तोफांचा मारा झाला, फळ्या एकमेकींवर आदळल्या. कुतुबशाही आणि निजामशाही फौजा मोगलांपुढे टिकल्या नाहीत. त्या बाजूचे मोगल जिंकल्याच्या आनंदात पाठलागाला लागले. विजापूरची फौज मात्र भक्कम राहिली. तिच्याशी लढताना राजा अलीखान आणि त्याचे अनेक सोबती मारले गेले. विजापुरी लोकांनीही विजय झाला असे समजून मोगलांचे सामान लुटायला घेतले. किती तरी मोगल स्वार पराभव झाला असे मानून दूरवर पळून गेले.

२३/ अंधार पडला. खानखानान आणि सुहेलखान आपापल्या उरलेल्या लोकांसह एकमेकांपासून थोड्याच अंतरावर थांबले होते, आणि प्रत्येकाला वाटत होते की समोरचा पळाला आहे. मग शत्रूकडच्या मशाली दिसल्या. मोगलांनी हाती लागलेल्या तोफा त्या उजेडाच्या दिशेने डागल्या. तेव्हा कुठे दोघांनाही कळले की लढाई संपलेली नाही. थकलेल्या लोकांनी रात्र घोड्यांच्या पाठीवरच काढली. सकाळी पुन्हा झुंज झाली. सुहेलखान जखमी झाला, त्याच्या माणसांनी त्याला रणातून बाहेर नेले. हत्ती आणि तोफा मोगलांना मिळाल्या. पाठलाग करण्याची ताकद त्यांच्यातही उरली नव्हती.

२४/ मेजावरच्या खेळाचा मोठा दोष येथे उघडा पडतो. मेजावर दोन्ही खेळाडूंना सारे सैनिक दिसतात. सोनपेठला कोणालाच काही दिसत नव्हते. ही लढाई नीट मांडायची तर राइसविट्झचा पंच बोलवावा लागेल : दोन खोल्या, दोन मेजे आणि मधे धावणारा एक तिसरा. पहिल्या खोलीत सांगायचे, ‘उजवीकडचा शत्रू पळाला.’ दुसऱ्या खोलीतही तेच सांगायचे. दोन्ही वाक्ये खरी. दोघांनी काढलेला निष्कर्ष मात्र खोटा.

२५/ राजा अलीखानाची गोष्ट याहून बोलकी आहे. संध्याकाळी त्याचे निशाण दिसेना. मोगल छावणीत कुजबुज झाली की तो शत्रूला मिळाला. खानदेशचा सुलतान, दख्खनशी नातेसंबंध असलेला; संशय यायला कितीसा वेळ? त्याच्या मित्रांनीच त्याचा तळ लुटला. नंतर त्याचे प्रेत रणात सापडले. ज्यांच्यासाठी तो मेला त्यांनीच त्याला फितूर ठरवले होते. पुढे त्याला बुऱ्हाणपूरला नेऊन दफन करण्यात आले.

२६/ लघुसैनिक रंगवणाऱ्याला येथे थबकावे लागते. मेजावरच्या प्रत्येक सैनिकाला एक बाजू द्यावी लागते. निळी किंवा तांबडी, आपली किंवा परकी. राजा अलीखानाला ती बाजू एका संध्याकाळी नाकारली गेली. मराठा बारगीर आज निजामशाहीत, उद्या आदिलशाहीत, परवा मोगलांकडे जाई. सुहेलखानाच्या सैन्यात तीन शाह्या होत्या आणि त्या एरवी एकमेकींशी लढत. १५९७ च्या दख्खनमध्ये बाजू ही वतन, धनी, पगार आणि नाते यांतून ठरे. आजच्या वादांचे रंग त्या सैनिकांना फासले तर मेज छान दिसेल, पण ते सोनपेठ नसेल.

२७/ नवे सैनिक घडवणे आता पूर्वीइतके दुर्मीळ राहिलेले नाही. पूर्वी शिल्पकार दोन द्रव्यांच्या मळणीच्या हिरव्या लगद्यातून मूळ सैनिक कोरी. रबराच्या गोल साच्यात फिरवत्या यंत्रावर कथिलाच्या मिश्रधातूत त्याच्या प्रती ओतत. कडक प्लास्टिकच्या सैनिकांसाठी पोलादी साचा लागे आणि तो अतिशय महाग. आज संगणकावर सैनिक कोरता येतो आणि रेझिनच्या थ्री-डी प्रिंटरवर थरांनी छापता येतो. ज्याचा बाजार लहान, त्या कालखंडाचे सैनिक निघणार नाहीत, ही जुनी अडचण त्यामुळे सैल झाली. परभणीतल्या एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सुहेलखानाचा हत्ती घडवणे आता शक्य आहे.

२८/ साधन हाती आले की जबाबदारीही येते. पाश्चात्त्य कंपनीने दख्खनी सैनिक चुकीचा काढला तर त्यावर हसता येते. आपणच चुकीचा काढला तर पुढची पिढी त्यालाच पुरावा समजेल. मातीच्या आणि प्लास्टिकच्या मूर्तीत अशी एक ताकद असते की ती एकदा पाहिली की पुस्तकातले शब्द तिच्याच रूपात दिसू लागतात. दिवाळीच्या मावळ्याने हे सिद्ध केलेच आहे.

२९/ यावर एक साधा उपाय आहे. प्रत्येक लघुसैनिकाच्या बैठकीखाली लहानशा कागदाची जागा असते. तेथे लिहावे : पट्टा, चित्रावरून. चिलखत, संग्रहालयातील वस्तूवरून. मुंडाशाचा रंग, कल्पनेने. वरून सैनिक कितीही ठाम दिसला तरी खालून तो प्रामाणिक राहील. मराठा बारगीर अवश्य घडवावा, कारण तो त्या फौजांत होता. पण साधनांत उल्लेख नसेल तर त्याच्या बैठकीवर एखाद्या नामांकित घराण्याचे नाव लिहू नये.

३०/ सुरुवात १५०० सैनिकांनी करण्याची गरज नाही. एक दख्खनी स्वार, एक हबशी बंदूकधारी, एक तुराणी तिरंदाज, एक राजपूत, तोफेची एक जोडी बैल आणि एक राजा अलीखान, एवढे सहा पुरेत. या सहांची वेशभूषा शोधताना पुण्याचे हस्तलिखित, विजापूरची तोफ, बुऱ्हाणपूरची कबर आणि पाथरीचा तह या साऱ्यांतून जावे लागते. तेवढ्याने एका वर्षाचा अभ्यास होईल.

३१/ सोनपेठचा विजय मोगलांना लगेच दख्खन देऊ शकला नाही. अहमदनगरचा किल्ला पडायला १६०० साल उजाडले. त्यानंतरही मलिक अंबरने पाव शतक मोगलांना झुंजवले. दोन दिवसांच्या त्या रणात मेलेल्यांपैकी फार थोड्यांची नावे उरली. मेजावरचे सैनिक खेळ संपला की पेटीत परत जातात, ही या छंदाची मोठी सोय आहे. गोदाकाठच्या ज्वारीत पडलेल्यांना ती नव्हती. पासे टाकताना तेवढे ध्यानात असले तर वेल्स यांना जे हवे होते, ते एखाद्या मेजावर का होईना, साधेल.

#मराठवाडा #परभणी #दख्खनचाइतिहास